नळ उघडा ठेवून

६ नोव्हेंबर

वहिनी,

फोनवर तू हल्ली ‘बरं’ आणि ‘हं’ याच्या पुढे जात नाहीस, म्हणून पत्राला बसले. कागदावर नुसतं ‘हं’ लिहून पाकीट चिकटवायला तुझी तुलाच लाज वाटेल, असा माझा डाव आहे.

दादाला जाऊन दोन महिने होत आले. मी सकाळी उठते, संग्रहालयात जाते, दिवसभर दगड घासते, घरी येते. मध्येच रस्त्यात कुणीतरी कोट हातावर टाकून चालताना दिसतं आणि मी उगाचच भराभर पावलं उचलते. तो माणूस वळतो, दुसराच कुणीतरी असतो. तुझं काय होत असेल ते मला इथून दिसत नाही आणि तू ताकास तूर लागू देत नाहीस.

काल तुझ्या लेकीचा फोन आला. “आत्या, तू तरी बोल तिच्याशी,” म्हणाली. तू म्हणे रोज सकाळी न्हाणीघरातला नळ उघडा ठेवतेस आणि शेजारी नुसती उभी असतेस. तो पाइप खालच्या चष्मेवाल्याच्या भिंतीतून जातो. तो बिचारा दुकान उघडण्याआधी काचा पुसत बसलेला असतो, त्याला सगळं ऐकू येतं. परवा वर येऊन त्यानं दार वाजवलं, तर तू त्यालाच विचारलंस, “काय हवंय?” आणि मागे पाणी धो धो वाहतंय. लेक घाबरली आहे. तिच्या सासूबाईंचं विसरणंही अशाच बारीकसारीक गोष्टींपासून सुरू झालं होतं म्हणे. मी तिला सांगितलं की दुःखात माणसाचं लक्ष उडतं. पण खरं सांगू, काळजी मलाही वाटली. तू कधी दूध उतू जाऊ दिलं नाहीस, आणि आता हा नळ.

असो. आमच्या शेडमधली गंमत ऐक. एका जुन्या बागेच्या कारंज्यातली संगमरवरी बाई आमच्याकडे दुरुस्तीला आली आहे. बसलेली, मान एका बाजूला किंचित कललेली, एक हात मांडीवर, दुसरा कोपरापासून तुटलेला. ओठ थोडे विलग. पाठीतून गुडघ्याखालपर्यंत दगडाच्या आतून पाण्याची वाट आहे, त्यात मी बोट घालून पाहिलं तर अजून ओलसर लागलं. शेडला वरून एकच काच आहे, तिच्यातून पांढरट उजेड खाली येतो आणि सकाळी धूळ उडायला लागली की ती बाई पाण्याखाली बसल्यासारखी दिसते. मी चहा घेऊन तिच्याजवळ बसते. बोलायला बरी आहे, तुझ्यापेक्षा जास्तच बोलते.

पण तिच्यावरून आमच्याकडे जुंपली आहे. आमच्या दाढीवाल्या साहेबांना तिला नवा हात करायचा आहे. रसायनं बघणारी नवी मुलगी (कायम कापसाचे बोळे घेऊन फिरते म्हणून तिला सगळे कापूसच म्हणतात) म्हणते, एक टवकासुद्धा नवा लावायचा नाही. दोघांत बोलणं बंद. मी मधल्या मधे निरोप पोचवून दमले. तू सांग, काय करू?

तुझी,
धाकटी

१४ नोव्हेंबर

वन्सं,

‘हं’ एवढंच लिहून पाठवायचा मोह झाला होता. मग पाकिटाची कीव आली.

दाढी आणि कापूस यांचं काय करायचं ते मला कसं कळणार? मला दगडातलं काय समजतं? त्यांचं त्यांना मिटवू दे.

नळाचं फार मनावर घेऊ नकोस. मी विसरत नाही. पण विसरते असं समजणं सगळ्यांना सोपं जातंय, तर तसं समजा. मी आता कुणाला काही समजावत बसणार नाही.

लेकीनं तिच्या घरातली मागची खोली माझ्यासाठी रिकामी केली आहे. पडदेसुद्धा आणले, माझ्या आवडीचे म्हणाली, म्हणजे तिच्या आवडीचे. डिसेंबरात एका डॉक्टरांना दाखवायचं आहे, डोक्याच्या. ते जे काय सांगतील ते सांगोत, त्यानंतरच्या सोमवारी सामानाची गाडी येणार. मी हो म्हटलं. नाही म्हणायला काहीतरी कारण लागतं आणि मला शोधून सापडलं नाही.

इथे सकाळी धुकं असतं. समोरचं घर दहाच्या आधी दिसतच नाही, नुसती एक खिडकी तरंगत असते. मी पाहत उभी राहते. जेवण वगैरे करते, तू विचारायच्या आत सांगून टाकते.

तुझी वहिनी

२१ नोव्हेंबर

वहिनी,

तुझं पत्र उभ्याउभ्याच वाचलं आणि खाली बसले. घर सोडणार? आणि हे तू पडद्यांच्या आणि धुक्याच्या मधे कुठेतरी दोन ओळींत सांगतेस? त्या घरात मी लहानाची मोठी झाले. पण माझं राहू दे. तू एखाद्या गोष्टीला हो म्हणावंस आणि कारण सापडलं नाही म्हणून म्हणावंस, हे मी पहिल्यांदा ऐकते आहे. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

काय लिहावं ते सुचत नाही, म्हणून आमच्या बाईचंच सांगते. ती कोण आहे ते कळलं. बैठकीवरचं शेवाळ काढलं तर खाली नाव निघालं, एगेरिया. मग मी ग्रंथालयात जाऊन बसले.

रोमन लोकांच्या पुराणात नुमा नावाचा राजा होता. फार शहाणा, न्यायी, कायदे करणारा. तो एकटाच गावाबाहेरच्या राईत जायचा, तिथे एक झरा होता आणि त्या झऱ्याची देवी म्हणजे ही एगेरिया. राजा तिला विचारायचा, ती सांगायची, आणि तो परत येऊन राज्य करायचा. काहीजण म्हणतात, ती अशी कुणी नव्हतीच. लोकांनी कायदे निमूट पाळावेत म्हणून राजानंच ती रचली. ते खरं की खोटं देव जाणे, पण तिकडच्या भाषांमध्ये अजूनही एखाद्या मोठ्या माणसाला मागून शहाणपण पुरवणारी बाई असली की तिला त्याची एगेरिया म्हणतात.

आता पाटी लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे आणि आपल्या भाषेत मला शब्द सापडेना. सल्लागार म्हटलं की चष्मा लावलेला बाप्या दिसतो. सल्लागारीण म्हटलं तर कापूस फिसकन हसली. कानात सांगणारी म्हणावं तर चुगलखोर वाटते. रोमन लोकांची आणखी एक होती, सिबिल, तिचंही नाव अशा बायकांना देतात, पण ती पडली भविष्य सांगणारी, कोडी घालणारी. ही तसली नव्हे. हिला फक्त विचारलं की उत्तर द्यायचं माहीत.

शेवट वाईट आहे. राजा म्हातारा होऊन मेला. ती राईत आडवी पडून रडत राहिली. दुसऱ्या बायकांनी समजावलं, काही उपयोग झाला नाही. शेवटी अरण्याच्या देवीला दया आली आणि तिनं तिचं पाणी करून टाकलं. ती झऱ्याची देवी होती, आता नुसता झरा उरला.

हे वाचताना मला काय आठवावं? आपलं न्हाणीघर. शाळेला उशीर होत असायचा, मी टॉवेल घेऊन बाहेर उभी, आत दादाची दाढी चाललेली आणि नळ मोठ्यानं सोडलेला. पाण्यातून त्याचं काहीतरी पुटपुटणं ऐकू यायचं. मला वाटायचं, एवढा मोठा न्यायाधीश, अजून पाढे म्हणतो. आईला विचारलं तर म्हणाली, “त्याला सवय आहे.” आणि मी कितीतरी वर्षं मैत्रिणींना सांगत होते की पाढे पाठ करत राहिलं की न्यायाधीश होता येतं.

तू दादाचा नळ चालू ठेवतेस का, वहिनी? त्याचा आवाज घरात राहावा म्हणून? तसं असेल तर मला सांग, मी लेकीला समजावते.

तुझी,
धाकटी

१ डिसेंबर

वन्सं,

तुझ्या त्या बाईला डोक्यात घेऊन मी आठवडाभर घरात फिरले. निदान तुझ्या राजानं तिचं नाव तरी लोकांना सांगितलं. आणि ज्यांनी ती नव्हतीच म्हणून लिहून ठेवलं आहे, त्यांच्या घरात कुणीतरी बाई रोज त्यांना काहीतरी सांगत असणार, याबद्दल मला शंका नाही.

आता ऐक. तुझा दादा पाढे म्हणत नव्हता.

न्हाणीघराला स्वयंपाकघराच्या बाजूनं दुसरं दार आहे, बारकं, ज्याच्यामागे आपण केरसुणी ठेवायचो. त्या दारात मी उभी असायची. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तो नवा नवा न्यायाधीश, एका भांडणानं त्याचं जेवण सुटलं होतं. एका सकाळी दाढी करता करता त्यानं ते सांगितलं. मला सांगितलं म्हणण्यापेक्षा आरशाला सांगितलं. दोन भाऊ, एक घर, मधला जिना कुणाचा यावरून कोर्टात आलेले. दोघांकडे कागद, दोघांकडे साक्षीदार. मी सहज विचारलं, “तो जिना झाडतं कोण?” त्याला हनुवटीवर कापलं. दुसऱ्या दिवशी कोर्टात त्यानं तेच विचारलं. तर जिना त्यांच्या मेलेल्या थोरल्या भावाची बायको झाडत होती, तिचं कुठल्याच कागदावर नाव नव्हतं आणि दोघं मिळून तिलाच बाहेर काढायला निघाले होते. घरी आला तो हनुवटीला पट्टी लावून आणि शीळ घालत.

तेव्हापासून रोज. सासूबाईंना ते खपलं नसतं. बायकोनं नवऱ्याच्या कामात नाक खुपसणं त्यांना मुळीच पसंत नव्हतं आणि कोर्टातली गोष्ट उंबऱ्याबाहेर जाऊ नये हेही खरंच होतं. म्हणून नळ. पाणी मोठ्यानं सोडलं की बोलणं पलीकडे जात नसे. सासूबाई गेल्या तरी आमचा नळ सुटला नाही. एकदा सकाळी पाणीच आलं नव्हतं, तर आम्ही दोघं मुक्यासारखे एकमेकांकडे बघत राहिलो आणि तो तसाच खुरट्या दाढीनं कोर्टात गेला.

नावं त्यानं कधी सांगितली नाहीत. एक म्हातारा, एक सून, एक माणूस ज्यानं कुत्रं परत दिलं नाही. मी भाजी आणायला गेले की रस्त्यावरच्या माणसांकडे पाहायची. ही बाई ती असेल का, जिला मुलगा परत मिळाला? ही दोघं त्या कुत्र्याची तर नव्हेत? सगळं गाव मला ओळखीचं वाटायचं आणि एकही माणूस ओळखीचा नव्हता. स्वप्नात कसं, माणसं आपली असतात पण चेहरे नीट दिसत नाहीत, तसे माझे सगळे दिवस गेले. मला ते फार आवडायचे.

तो निवृत्त झाला तेव्हा मला वाटलं, संपलं. पण दुसऱ्याच दिवशी दाढीला साबण लावून म्हणाला, “समज, दोन बहिणी आहेत.” मी लगेच ओळखलं की या बहिणी कुठेच नाहीत. त्यानंतर रोज एक खोटं भांडण तयार करून आणायचा. कधी कधी इतकं भिकार असायचं की मला हसू आवरायचं नाही, पण मी निकाल द्यायची. शेवटच्या आठवड्यापर्यंत दिला.

तेव्हा, वन्सं, खोटं भांडण मला वासावरून कळतं. दाढी आणि कापूस एका डब्यात जेवत असतील, माझी पैज. मला बोलतं करायला तू त्यांना भांडायला लावलंस. भावाची बहीण शोभतेस.

आता सकाळी मी नळ सोडते. आरशात कुणी नसतं. पूर्वी तो विचारायचा, आता मी विचारते. आज काय करू, हे आवरायचं कसं, असलं काहीतरी. उत्तर येत नाही हे मला समजतं, तेवढी शुद्ध आहे मला. पाणी बंद करवत नाही इतकंच.

लेकीला यातलं काही सांगू नकोस. तिला तिचे बाबा अख्खे राहू देत.

तुझी वहिनी

५ डिसेंबर

वहिनी,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी दगडाचा एकच कोपरा सकाळभर घासत राहिले. कापसानं दोनदा विचारलं, बरं नाही का. (हो, एका डब्यात जेवतात. पैज तू जिंकलीस.)

आधी मला हसू आलं. मग तू त्या दारात केरसुणीशेजारी उभी आहेस आणि मी बाहेर टॉवेल घेऊन पाय आपटते आहे, हे डोळ्यांसमोर आलं आणि मला तुझा अभिमान वाटला. खरंच वाटला. आणि मग दुपारी मला राग आला. तुझ्यावर नाही. कुणावर ते मला अजून कळलेलं नाही.

मी शिकायला इकडे यायचं म्हणत होते, दगडाचं काम, परक्या गावात, एकटी. आई म्हणाली, माझ्या मढ्यावरून जा. मी दादापुढे जाऊन रडले. तो म्हणाला, “सकाळी सांगतो.” आणि सकाळी त्यानं आईला सांगितलं की ती जाणार. आईनं जन्मात पहिल्यांदा त्याच्यापुढे हार मानली. वहिनी, मी इथे जे काही आहे ते त्या एका सकाळीवर उभं आहे. कंटाळा आला, हात भरून आले, एकटं वाटलं की मी स्वतःला म्हणते, दादानं मला ओळखलं होतं. मला एकाच माणसानं ओळखलं होतं आणि तो माझा भाऊ होता.

आता मला वाटतं, तो निकालही त्या दारातूनच आला असेल. तसं असेल तर तुझे पाय धरायला हवेत आणि मी ते धरीन. पण मग दादानं मला काय दिलं? मला खरं काय ते कळवशील का? गोड करून लिहू नकोस.

धाकटी

१२ डिसेंबर

वन्सं,

गोड करून लिहायची मला सवय नाही, तुझ्या आईनं ती लागू दिली नाही.

मी नको म्हटलं होतं.

त्यानं नळ सोडला, तुझं सगळं सांगितलं, आणि मी म्हटलं, तिला पाठवू नकोस. कारणंही दिली, मुलगी लहान आहे, गाव परकं आहे, दगडाच्या कामात कोण विचारतो. सगळी खोटी. खरं कारण असं की त्या घरात मोठ्यानं हसणारी तू एकटी होतीस. तू गेल्यावर मी आणि सासूबाई, आणि मधे भिंतीवरचं घड्याळ. माझ्या बाजूनं पाहिलंस तर मी काही चुकीचं बोलत नव्हते.

तो ब्रश हातात धरून उभा राहिला. मग त्यानं नळ बंद केला. एकाएकी इतकं शांत झालं की मला माझा श्वास ऐकू आला. अर्ध्या गालाला फेस तसाच, तो बाहेर तुझ्या आईपुढे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, “ती जाणार.” आवाज चढवला नाही. फेस गालावरून शर्टावर गळत होता. तुझी आई त्याच्याकडे बघत राहिली आणि उठून आत गेली.

तेवढं एक पूर्ण त्याचं होतं. इतर निकालांत थोडी मी आहे, काहींत तर फार आहे. तुझ्यात मी अजिबात नाही. त्यानंतर बरेच दिवस मी त्या दारात गेले नाही आणि तो एकटाच दाढी करायचा. मग एकदा स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, “तू सांगतेस ते मी ऐकतो. पण ऐकलं म्हणजे केलंच पाहिजे का?” मला तेव्हा त्याचा इतका राग आला होता आणि तेव्हाच तो मला इतका आवडला होता, की काय सांगू तुला.

म्हणून मला प्रश्न पाठवू नकोस. खरे नकोत, बनावटही नकोत. तुला, लेकीला, सगळ्यांना वाटतं की माझं काहीतरी काम गेलंय आणि दुसरं मिळालं की मी उठून बसेन. मला काम नकोय. कुणाला शहाणपण सांगायला मी आसुसलेली नाही. मला तो हवाय. गालाला फेस लावलेला, माझं ऐकून न ऐकणारा.

शुक्रवारी डॉक्टर, सोमवारी गाडी. मी काय करू, वन्सं? आजवर मी कुणाला हे विचारलं नाही, त्यामुळे कसं विचारतात ते नीट माहीत नाही. पण विचारते आहे.

तुझी वहिनी

१५ डिसेंबर

वहिनी,

मी तुझं पत्र कारंज्यातल्या बाईजवळ बसून वाचलं आणि दादाच्या शर्टावर फेस गळला तिथे मला पुढचं दिसेना. दाढीवाले साहेब आले, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, शेडचं दार बाहेरून ओढून घेतलं आणि सगळ्यांना दुसरीकडे कामाला लावलं. त्या माणसाला मी उगाचच भांडखोर केलं होतं.

तू मला माझा भाऊ परत दिलास. मी नीट आभार मानू शकत नाही, मानणारही नाही.

तू विचारलंस म्हणून सांगते. जाऊ नकोस. लेकीला नळाचं सगळं सांग. तिचे बाबा अख्खे राहतीलच, उलट थोडे वाढतील. तुझं डोकं माझ्यापेक्षा ठिकाणावर आहे आणि ते घर तुझं आहे. माणसं एकटी राहतात, मी राहतेच आहे ना. गाडीवाल्याला नको म्हणून कळव आणि राहा. हा माझा पहिलाच सल्ला आहे, थोडा वेडावाकडा असेल, पण मनापासून आहे.

तुझी,
धाकटी

२२ डिसेंबर

वन्सं,

डॉक्टर वयानं लहान, चेहरा गंभीर. मला वार विचारला, महिना विचारला, उलटे आकडे म्हणायला लावले. कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. मी काढलं आणि त्यांच्या भिंतीवरचं मागे पडतं आहे तेही सांगितलं. मग त्यांनी कागदावरून मान वर न करता विचारलं, “आजी, सकाळी नळ उघडा का ठेवता?”

लेक शेजारीच होती. मी ठरवून गेले नव्हते. पण तू सांगितलेलं कुठेतरी आत बसलं असणार, मी सगळं सांगून टाकलं. केरसुणीचं दार, जिना, खोट्या बहिणी, सगळं. डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. शेवटी म्हणाले, “यावर माझ्याकडे औषध नाही,” आणि दारापर्यंत सोडायला आले.

परतताना लेक गाडी चालवत होती. सिग्नलला थांबल्यावर म्हणाली, “आम्ही घर घ्यायचं ठरवत होतो तेव्हा बाबा म्हणाले होते, सकाळी सांगतो. ती तू होतीस?” मी म्हटलं, निम्मी. ती हसली, मग माझ्यावर चिडली, मग पुन्हा हसली. मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवले तेव्हा कुठे तिला दिवा हिरवा झालेला दिसला. घराखाली आल्यावर म्हणाली, “आई, तू इथेच राहा. मी गाडीवाल्याला नको म्हणते.”

म्हणजे तुझं आणि तिचं एकमत झालं. मी तुझा सल्ला ऐकला, वन्सं, नीट ऐकला, दोन दिवस उलटून पालटून पाहिला आणि बाजूला ठेवला. मी जाते आहे.

त्या झऱ्यातल्या बाईला सगळ्या जणी समजावत होत्या म्हणतेस. उठून चार पावलं चाल, असं तिला कुणी म्हटलं होतं का, ते तुझ्या पुस्तकात पाहा. राजा गेला आणि ती त्याच जागी पडून राहिली. मी इथे राहिले तर रोज सकाळी त्या दारात जाऊन उभी राहणार, मला माझी खात्री आहे. ती देवी होती, तिचा झरा झाला तर लोक नमस्कार करतात. माझं पाणी झालं तर चष्मेवाला तक्रार करील. पण कुणी नेतं म्हणून नाही, माझी मी जाणार. पडदे बदलून घेतले आहेत. घर विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं, आणि भाडेकरू मी निवडणार. लेकीनं ऐकून घेतलं. तिला म्हटलं, ऐकलंस म्हणून केलंच पाहिजे असं नाही. ती म्हणाली, “हे बाबांचं वाक्य आहे.” मला वाटत होतं, ते माझ्याशिवाय कुणाला माहीतच नाही.

काल सकाळी न्हाणीघरात गेले आणि पाणी न सोडता त्याच्याशी बोलले. त्या घरात मी त्याच्याशी असं मोठ्यानं कधी बोलले नव्हते. आपलाच आवाज भिंतीवरून परत आला तर दचकले. मी चालले आहे, एवढंच सांगितलं. विचारलं काही नाही.

एक राहिलंय. तो गेल्यापासून मी रडलेले नाही. लोक म्हणतात, किती धीराची बाई. धीर कसला, मला ते जमलंच नाही. लेकीसमोर डोळे भरून आले की ती लगेच पेला भरून आणायला धावते, की झालं, गेलं. तू येशील का? सामानाची गाडी मी आठवडाभर पुढे ढकलली आहे, आता पुढच्या सोमवारी निघेल, त्याआधी शनिवारी ये. काही आणू नकोस, काही विचारू नकोस. नुसती माझ्याजवळ बस, आणि मी रडायला लागले की उठू नकोस.

तुझी वहिनी